पाटाचं पाणी, ठिबक आणि स्तनातली गाठ

बचतगटाच्या बैठकीत कुणीतरी हळूच विचारतं, "स्तनातली गाठ फार वाढली, तर मांडीतून नळी घालून थेट गाठीलाच औषध देतात म्हणे. त्यासाठी रान विकावं का?" म्हणून आज आम्ही या औषधाचा इतिहास सांगणार आहोत.

केमोचं मूळ आहे युद्धातल्या विषारी वायूत. पहिल्या महायुद्धात मस्टर्ड वायूमुळे सैनिकांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या. त्याच जातीचं औषध १९४२ साली अमेरिकेत कॅन्सरच्या रुग्णाला शिरेतून दिलं. शिरेतलं औषध म्हणजे पाटाचं पाणी, सगळ्या वावरात फिरतं. म्हणूनच केमोत केस जातात, मळमळतं.

पुढे अमेरिकेतच एकदा हे औषध चुकून शिरेऐवजी हाताच्या धमनीत गेलं. त्रास झाला तो त्या हातापुरताच! त्यावरून डॉ. क्लॉप यांनी गाठीला रक्त पुरवणाऱ्या धमनीतूनच औषध द्यायला सुरुवात केली आणि १९५० साली ते जगापुढे मांडलं. १९५३ साली स्वीडनच्या डॉ. सेल्डिंगर यांनी मोठी चिरफाड न करता, सुई आणि तारेच्या आधाराने धमनीत नळी सरकवण्याची रीत शोधली. हे झालं ठिबक, औषध थेट मुळाशी.

पण ठिबक एकाच झाडाला भिजवतं. कॅन्सर हाडांत, यकृतात पसरला असेल, तर औषध सगळ्या अंगात पोचावं लागतं. स्तनाच्या कॅन्सरवर धमनीतली केमो आजही नेहमीचा उपचार नाही. तिने आयुष्य वाढतं हे ठामपणे सिद्ध झालेलं नाही. म्हणून रान विकण्याआधी कॅन्सरच्या दुसऱ्या डॉक्टरांना जरूर विचारा.

आता आपल्या महाराष्ट्राचा इतिहास ऐका. १९९८ साली मुंबईच्या टाटा रुग्णालयाने सुमारे दीड लाख बायांचा अभ्यास सुरू केला. त्यातल्या निम्म्या बायांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत. २०२१ साली निष्कर्ष आला: पन्नाशीपुढच्या बायांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. ना नळी, ना यंत्र. बाईचा शिकलेला हात.

छत्रपती संभाजीनगरात आमखास मैदानाजवळ २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. गाठ दुखत नाही म्हणून पदराआड लपवू नका. गाठ लहान आहे तोवरच एसटी धरा. एकटीला भीती वाटत असेल, तर गटातल्या दोघी सोबत जा.