तिसरी साक्ष

शेवगावच्या माळावरून अमावस्येच्या रात्री परतणारा शेतकरी कदाचित वाट चुकेल. परंतु वर कोणते आणि खाली कोणते, याविषयी त्यास भ्रम व्हावयाचा नाही. त्याचे पाय भुईवर असतात. वैमानिकास हे भाग्य नाही. विमान वळत असता कानातील तोल सांभाळणारे इंद्रियही फसते आणि कललेले विमान सरळच आहे, असा भास होतो. म्हणून काळोखात त्याची सारी भिस्त यंत्रांवर. पण यंत्रच खोटी साक्ष देऊ लागले तर?

१ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईत तसेच घडले. एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे बोइंग ७४७ विमान सांताक्रूझहून दुबईस निघाले. समुद्रावर येताच उजवीकडे अल्पसे वळण घेऊन ते सरळ झाले. खाली काळेभोर पाणी, क्षितिज दिसेना. मुख्य वैमानिकापुढील कृत्रिम क्षितिज, म्हणजे विमानाचा कल दाखविणारे यंत्र, मात्र उजवाच कल दाखवीत राहिले. तो काढण्यासाठी त्याने विमान डावीकडे कलविले, आणि ते कलतच गेले. आपले यंत्र बिघडल्याचे तो म्हणाला, तो सहवैमानिकानेही आपल्या यंत्राविषयी तेच सांगितले. विमान इतके कलले होते की, खरे यंत्रही त्यास खोटे भासले असावे. तिसरे यंत्र मध्यभागी होते. विमान-अभियंत्याने मुख्य वैमानिकास त्याच्या यंत्रावर विसंबू नये म्हणून बजावले. पण तोवर वेळ सरली होती. उड्डाणानंतर अवघ्या १०१ सेकंदांत विमान वांद्र्यासमोरील समुद्रात कोसळले. आतील २१३ जणांपैकी एकही वाचला नाही.

वैमानिकांस जुना क्रम शिकविलेला असतो: प्रथम विमान सांभाळावे, मग दिशा पाहावी, शेवटी संदेश द्यावा. परंतु विमान सांभाळावयाचे तर त्याची खरी स्थिती आधी कळली पाहिजे. यासाठीच यंत्रे तीन. दोहोंची साक्ष जुळेल ती ग्राह्य मानावी. १९७९ मध्ये अमेरिकेतील नासा संस्थेने भरविलेल्या परिषदेनंतर विमानातील सहकाऱ्यांच्या एकत्रित शिक्षणास चालना मिळाली. शंका येताच कनिष्ठाने स्पष्ट बोलावे आणि वरिष्ठाने ते ऐकावे, हे त्यातील मुख्य सूत्र होय.

घाईच्या प्रसंगी पडताळणी म्हणजे विलंब, असे वाटते. त्या रात्री मात्र तिसऱ्या यंत्राकडे वेळीच टाकलेला एक दृष्टिक्षेप २१३ प्राणांच्या मोलाचा होता.