घोड्यांचे रेबीज लसीकरण : चावा होण्यापूर्वीचा निर्णय

घोड्यांमध्ये रेबीज क्वचितच आढळतो. मात्र लक्षणे दिसू लागल्यावर त्यावर उपचार नाही आणि मृत्यू बहुधा तीन ते दहा दिवसांत ओढवतो. त्यामुळे लस द्यावी की नाही हे ठरवताना रोगाच्या प्रमाणापेक्षा घोडा कुठे बांधला जातो आणि त्याला कोण हाताळते, याला अधिक महत्त्व आहे.

छत्तीसगडमधील भिलाईलगतच्या चरोद्यासह मध्य भारतातील अनेक शहरांत घोडी दिसते ती मुख्यतः लग्नाच्या वरातीत. रायगड जिल्ह्यातील माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्याने चारशेहून अधिक घोडे पर्यटकांची ने-आण करतात. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. मोकाट कुत्र्यांचा वावर असेल तेथे उघड्यावर बांधलेल्या घोड्याला धोका राहतोच. चावा बहुधा नाकपुडीवर किंवा पायावर होतो. रात्री झालेली लहानशी जखम मालकाच्या लक्षातही येत नाही.

या रोगाची खरी अडचण निदानाची आहे. पिसाळलेला घोडा दरवेळी आक्रमक होतोच असे नाही. कधी तो लंगडतो, मागचे पाय लटपटतात, कधी पोटशूळ उठल्यासारखा लोळतो, तर कधी स्वतःचेच अंग चावून काढतो. गिळता न आल्याने लाळ गळते. घशात काही अडकले असावे, या समजुतीने मोतद्दार तोंडात हात घालतो आणि हातावरील ओरखड्यातून विषाणू शरीरात शिरू शकतो. निश्चित निदान मृत्यूनंतर मेंदूच्या तपासणीतूनच होते. चावणाऱ्या प्राण्यावर दहा दिवस लक्ष ठेवण्याचा नियम कुत्रा व मांजर यांच्यापुरताच आहे. घोड्याच्या लाळेशी जखमेचा संपर्क आल्यास माणसाने लगेच डॉक्टरांकडे जावे.

अमेरिकेतील अश्ववैद्यकांच्या संघटनेने रेबीजची लस प्रत्येक घोड्यासाठी आवश्यक मानलेल्या लसींत समाविष्ट केली आहे. लशीतील विषाणू निष्क्रिय केलेला असतो. तिची वर्धक मात्रा साधारणतः दरवर्षी दिली जाते. भारतात 2019 च्या पशुगणनेनुसार घोडे व तट्टे मिळून सुमारे 3.4 लाख होती. 2012 मध्ये हीच संख्या सव्वासहा लाखांच्या घरात होती. वरातीच्या एका फेरीच्या भाड्यापुढे लशीचा खर्च किरकोळ ठरतो. बंदिस्त तबेल्यातील, बाहेर न पडणाऱ्या घोड्याबाबत निकड कमी असली तरी तेथेही माणसांचा हात रोज त्याच्या तोंडाजवळ जातोच.

कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावी आणि तत्काळ पशुवैद्यकाला बोलवावे. आधी लस घेतलेल्या घोड्याला लगेच वर्धक मात्रा देऊन निरीक्षणाखाली ठेवता येते. लस न घेतलेल्या घोड्याला प्रचलित पद्धतीनुसार 0, 3, 7, 14 व 28 व्या दिवशी मात्रा दिल्या जातात. तरीही संरक्षणाची हमी नसते आणि त्याला अनेक महिने वेगळे ठेवावे लागते. पोटासाठी रोज घोडा बाहेर काढणाऱ्या मालकाला हा काळ परवडत नाही. रेबीज 2009 च्या पशुरोग प्रतिबंध कायद्यातील अनुसूचित रोग असल्याने संशयित जनावराची माहिती देणे बंधनकारक आहे. चरोदा परिसरातील घोडेमालकांना दुर्गजवळील अंजोरा येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयात याबाबत सल्ला घेता येईल.