चवदार तळ्याचा दावा : रूढी जुनी असली तरी हक्क ठरते का?

१/ २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्यायले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या ओंजळीवरून पुढे जवळजवळ दहा वर्षे न्यायालयात दावा चालला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. ‘सार्वजनिक’, ‘मनाई हुकूम’, ‘रूढी’ आणि ‘पुराव्याचा भार’ या चार संकल्पना समजून घेण्यासाठी याहून उत्तम प्रकरण क्वचितच सापडेल.

२/ आरंभ १९२३ चा. ४ ऑगस्ट रोजी मुंबई कायदेमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा राखलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये व दवाखाने अस्पृश्य मानलेल्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता.

३/ जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. तरीही तीन वर्षे तळ्यावर जाण्याचे धाडस कोणाला झाले नाही. हक्क कागदावर होता. वाटेत गाव उभे होते.

४/ मार्च १९२७ मध्ये परिषदेला आलेले लोक तळ्यावर गेले, पाणी प्यायले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ले झाले आणि पंचगव्याने तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला.

५/ डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह व्हायचा होता. त्याआधीच काही सवर्ण रहिवाशांनी दिवाणी दावा लावला आणि १४ डिसेंबर रोजी तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. असा हुकूम हक्क कोणाचा हे ठरवत नाही. निकाल लागेपर्यंत परिस्थिती ‘जैसे थे’ ठेवणे, एवढाच त्याचा हेतू असतो.

६/ २५ डिसेंबरला सत्याग्रहासाठी हजारो लोक महाडला जमले. तळे समोर होते आणि मध्ये न्यायालयाचा कागद होता. हुकूम मोडावा की पाळावा, यावर विचारविनिमय झाला. अखेर सत्याग्रह तहकूब झाला. मिरवणूक तळ्याला वळसा घालून परतली; पाण्याला कोणी हात लावला नाही.

७/ २३ फेब्रुवारी १९२८ रोजी मनाई हुकूम उठला. मूळ दावा मात्र चालू राहिला. वादींचे म्हणणे दुहेरी होते. एक, तळे खाजगी आहे. दोन, ते तसे नसले तरी अस्पृश्यांना तेथून पाणी न घेऊ देण्याची पूर्वापार रूढी आहे.

८/ पहिला मुद्दा टिकला नाही. तळे खाजगी नसून नगरपालिकेच्या ताब्यातील सार्वजनिक मालमत्ता ठरले. उरली रूढी. कायद्यात रूढी म्हणजे केवळ ‘असेच चालत आले आहे’ एवढे नव्हे. न्यायालयाने ती मानण्यासाठी ती अतिप्राचीन, निश्चित आणि वाजवी असावी लागते.

९/ आणि ती सिद्ध कोणी करायची? जो तिच्या आधारे हक्क सांगतो, त्याने. याला पुराव्याचा भार म्हणतात. ‘आम्ही पाणी का घ्यावे’ हे तळ्यावर येणाऱ्याने सांगायचे नव्हते. ‘त्यांना का अडवावे’ हे अडवणाऱ्याने सिद्ध करायचे होते.

१०/ १९३१ मध्ये महाडच्या न्यायालयाने प्रथा बऱ्याच काळाची असल्याचे मान्य केले, पण तिच्यातून वादींना कायदेशीर हक्क मिळत नाही असे ठरवून दावा फेटाळला. १९३३ मध्ये ठाण्याच्या न्यायालयात अपीलही फेटाळले गेले.

११/ १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड व न्या. वाडिया यांनी अंतिम अपील फेटाळले. तळ्याभोवती सवर्णांची वस्ती होण्यापूर्वी कोणी कोणाला अडवत असेल, हेच न्यायालयाला संशयास्पद वाटले. अतिप्राचीन रूढी सिद्ध झाली नाही. त्या ओंजळीला दहा वर्षे पूर्ण व्हायला तीन दिवस उरले होते.

१२/ या विजयाला एक मर्यादा होती. रूढी अन्याय्य आहे म्हणून दावा हरला नाही. ती सिद्ध झाली नाही म्हणून हरला. अन्यत्र एखाद्या गावाने भक्कम पुरावा आणला असता, तर काय झाले असते?

१३/ ते दार १९५० मध्ये बंद झाले. संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. अनुच्छेद १५(२) मध्ये राज्याच्या निधीतून पूर्णतः वा अंशतः राखलेल्या विहिरी, तलाव व स्नानघाट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. अनुच्छेद १३ ने ‘कायदा’ या शब्दात रूढीचाही समावेश केला. मूलभूत हक्कांशी विसंगत रूढी, मग ती कितीही जुनी असो, शून्यवत ठरली.

१४/ मसुदा समितीचे अध्यक्ष होते डॉ. आंबेडकर, म्हणजे चवदार तळ्याच्या दाव्यातील एक प्रतिवादी.