स्वयंउत्तर दूरध्वनी

स्वयंउत्तर दूरध्वनी म्हणजे आलेला कॉल वापरकर्त्याने हात न लावता आपोआप स्वीकारणारा आणि संभाषण ध्वनिवर्धकावर सुरू करणारा दूरध्वनी होय. ही सुविधा स्वतंत्र संचात किंवा स्मार्टफोनच्या सेटिंगमध्ये असते. मज्जारज्जूची इजा, पक्षाघात, स्नायूंचे आजार, कंपवात किंवा तीव्र संधिवात यांमुळे ज्यांना रिसीव्हर उचलता येत नाही वा पडद्यावर बोट फिरवता येत नाही, त्यांना तिचा उपयोग होतो. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती होत्या. त्यांपैकी सुमारे ५४ लाख व्यक्तींना हालचालीसंबंधीचे दिव्यांगत्व होते.

कार्यपद्धती

ठरावीक वेळा घंटी वाजल्यावर किंवा ठरावीक सेकंदांनंतर संच कॉल स्वीकारतो. आयफोनमध्ये ही सोय २०१७ मधील आयओएस ११ पासून आहे. अनेक अँड्रॉइड फोनमध्येही ती असते, मात्र काही फोनमध्ये ती हेडफोन जोडलेला असतानाच चालते.

स्वयंउत्तरामुळे केवळ कॉल घेण्याचा प्रश्न सुटतो. कॉल लावण्यासाठी आणि स्वतःहून बंद करण्यासाठी आवाजी आज्ञा, डोक्याने किंवा कोपराने दाबता येणारे मोठे बटण अथवा फुंकरीने चालणारी कळ यांपैकी एखादी जोड लागते.

निवडीचे निकष

* शिल्लक क्षमता : व्यक्तीला कोणती हालचाल न थकता, दिवसभर आणि झोपलेल्या स्थितीतही करता येते, यावरून कळ ठरवली जाते.
* आवाज : श्वसनाचे स्नायू दुर्बल असल्यास बोलणे क्षीण होते. अशा वेळी दुरून आवाज टिपणारा मायक्रोफोन आणि दोन्ही बाजूंना एकाच वेळी बोलू देणारा स्पीकरफोन आवश्यक ठरतो.
* भाषा : आवाजी आज्ञा मराठीत समजतात का आणि अस्पष्ट उच्चारही ओळखले जातात का, हे खरेदीपूर्वी त्याच व्यक्तीच्या आवाजात तपासणे इष्ट असते.
* वीज : पलंगाजवळ किंवा चाकांच्या खुर्चीवर चार्जिंगची कायम सोय लागते.

गोपनीयता

स्वयंउत्तर सुरू असताना कॉल करणाऱ्याला खोलीतील बोलणे ऐकू येऊ शकते. स्नान, शुश्रूषा किंवा खाजगी संभाषण चालू असतानाही कॉल आपोआप जोडला जातो. म्हणून निवडक क्रमांकांनाच उत्तर देणारा आणि सुविधा तात्पुरती बंद करू देणारा संच अधिक योग्य मानला जातो. हे नियंत्रण काळजीवाहकाकडे न राहता वापरणाऱ्या व्यक्तीच्या हाती असणे महत्त्वाचे असते. जाहिरातींचे कॉलही आपोआप स्वीकारले जात असल्याने १९०९ या क्रमांकावर नोंदणी करून ते कमी करता येतात.

मुळशी तालुक्यातील परिस्थिती

निवड स्थळावरही अवलंबून असते. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान केंद्र आहे, तसेच ताम्हिणी घाटाचा अतिपर्जन्याचा डोंगराळ प्रदेशही आहे. डोंगरांच्या आडोशामुळे मोबाइलचे संकेत क्षीण होऊ शकतात, तर वादळी पावसात वीज खंडित होऊ शकते. तांब्याच्या तारेवरील साध्या दूरध्वनीला वीज केंद्राकडून मिळते. परंतु कॉर्डलेस संच, बहुतेक स्वयंउत्तर संच आणि फायबर जोडणीचे उपकरण घरातील विजेवर चालतात. त्यामुळे अशा भागात बॅटरीचा आधार, घरातच संकेताची चाचणी आणि आपत्कालीन ११२ क्रमांक हात न लावता लावता येण्याची खात्री आवश्यक ठरते.

कायदेशीर तरतूद

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम ४२ नुसार दैनंदिन वापराची इलेक्ट्रॉनिक उपकरणे सर्वांना वापरता येतील अशा रचनेत उपलब्ध व्हावीत, यासाठी उपाययोजना करणे शासनावर बंधनकारक आहे. हा अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला.