सांडलेल्या दाण्याचा हिशेब

आमच्या म्हसळ्याकडे भाताची कापणी दसरा-दिवाळीच्या सुमारास येते. विळ्याने कापायचं, भारे बांधून खळ्यावर आणायचे, झोडायचं, बैल फिरवून मळणी घालायची आणि सुपाने वारा द्यायचा, ही जुनी रीत. यातल्या प्रत्येक टप्प्यावर दाणा सांडतो. भात जास्त पिकलं तर विळ्याच्या धक्क्यानेही लोंबी गळते. या सांडलेल्या धान्याला मराठीत एक शब्द आहे, सरवा. कवी म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो, कारण त्यात नुकसानीची तक्रार नाही. ज्यांना जमीन नव्हती अशा घरांतल्या बायका-मुलं तो वेचत. उरलेला पाखरांचा.

म्हसळा तेव्हा जंजिरा संस्थानात होतं. १९४८ साली ते संस्थान विलीन झालं. शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात खोती होती. खळ्यावर रास पडली तरी ती सगळी कुळाची नसे, खोताचा वाटा मोजून जाई. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ संप केला, शेतं ओसाड ठेवली. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, कायदा झाला १९४९ साली. जिथे मापाने मोजलेल्या भातासाठी एवढं झगडावं लागलं, तिथे मापात न येणाऱ्या सरव्याची किंमत भूमिहीनाला विचारावी.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. इंग्लंडमध्ये १७८८ साली न्यायालयाने निकाल दिला की सरवा वेचणं हा कायद्याने मिळालेला हक्क नव्हे. फ्रान्समध्ये मिले या चित्रकाराने १८५७ साली सरवा वेचणाऱ्या तीन वाकलेल्या बायका रंगवल्या.

दरम्यान यंत्र आलं होतं. अमेरिकेत मिशिगनमध्ये हायरम मूर याने १८३० च्या दशकात कापणी आणि मळणी एकत्र करणारं, घोड्यांनी ओढायचं यंत्र बांधलं. पुढे अशा यंत्रांत आडवा ड्रम दाणे झोडून काढी आणि मागे पेंढा उसळवून त्यात अडकलेला दाणा पाडला जाई. घाई केली की बराच दाणा पेंढ्याबरोबरच बाहेर जाई. १९७५ साली न्यू हॉलंडने आणि १९७७ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरने पीक लांबट रोटरभोवती फिरवणारी यंत्रं बाजारात आणली. त्यांत पीक मळसूत्रासारखं गोल फिरत पुढे सरकतं, पुन्हा पुन्हा घासलं जातं आणि फिरण्याच्या जोरानेच दाणा जाळीतून बाहेर पडतो. दाणा सहसा कमी फुटतो. पण ताकद जास्त लागते आणि पेंढ्याचा चुरा होतो. गुरांसाठी पेंढा जपणाऱ्या घराला हेही नुकसानच. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात हेच तत्त्व वापरून छोटं मळणीयंत्र तयार केलं.

कोकणातली खाचरं लहान, बांध उंच, आणि परतीच्या पावसाने भात आडवं पडतं. अशा ओल्या, पडलेल्या पिकात कोणतंही यंत्र दाणा जास्त सांडतं. तरी यंत्र नको असं मी म्हणणार नाही. आमच्याकडची तरणी मुलं मुंबईला आणि आखातात गेली, विळा धरणार कोण? यंत्रामुळे निदान शेत पडीक राहत नाही.

प्रश्न एवढाच की सांडलेलं कोण मोजतो. भाड्याचं यंत्र तासावर चालतं, चालकाला घाई असते, आणि वेग वाढला की नुकसान वाढतं. मोजायची रीत सोपी आहे. यंत्र गेल्यावर एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखा आणि दाणे वेचा. शंभर सापडले, हजार दाण्यांचं वजन २५ ग्रॅम धरलं, तर हेक्टरी २५ किलो भात मातीत गेलं. कापणीआधीच गळलेले दाणे त्यातून वजा करा आणि चालकाला वेग कमी करायला सांगा.

म्हणजे एवढ्या मोठ्या यंत्राची परीक्षा घ्यायची तरी कुणीतरी शेतात वाकून एकेक दाणा वेचावाच लागतो. सरवा वेचणाऱ्या बाईला हे काम कुणी शिकवावं लागलं नसतं.