पांढरीच्या पोटातील गाव

शेतजमिनीला ‘काळी’ आणि गावठाणाला ‘पांढरी’ म्हणण्याची रीत आपल्या मुलुखात फार जुनी आहे. काळी आई पिकवते आणि पांढरी आई नांदवते, एवढा अर्थ सर्वांना ठाऊक असतो. पण गावची माती पांढरी का होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. चुलीची राख, शेणाचा सडा, पडलेल्या भिंतींची माती, चुन्याचा निचरा, भुसा, हाडे आणि खापरे यांचा पिढ्यान्‌पिढ्या साठत गेलेला थर म्हणजे पांढरी. घर पडते, त्याच मातीवर दुसरे घर उभे राहते आणि गाव तसूतसूने वर चढत जाते. पुढे पाणी आटले, रोगराई आली, दुष्काळ पडला, की माणसे निघून जातात आणि मागे उरते ते टेकाड. जळकोट, उदगीर, कंधार, मुखेड या भागातील शेतकऱ्याला असे पांढरीचे टेकाड दाखवावे लागत नाही. धाब्याच्या माळवदावर टाकायला आणि शेतात खत म्हणून पसरायला याच टेकाडांची माती गाड्या भरभरून गेली आहे. पुराणवस्तुसंशोधकाला हवी असते तीही हीच माती. फरक इतकाच, की तो ती सुरीने आणि कुंचल्याने बोट-बोट खरवडतो.

उत्खनन म्हणजे खजिन्यासाठी केलेले खोदकाम, असा एक समज खेड्यापाड्यांतून अजून आहे. वस्तुतः उत्खननात सर्वांत अधिक सापडते ते फुटके खापर आणि सर्वांत अधिक बोलतेही तेच. सोने वितळवून पुन्हा वापरले जाते, लाकूड कुजते, लोखंड गंजते. भाजलेली माती मात्र दोन-तीन हजार वर्षे जशीच्या तशी राहते. शिवाय मडक्याचा घाट आणि रंग काळागणिक बदलत जातो. त्यामुळे कोणत्या थरात कोणते खापर आले, एवढ्यावरून जाणकार त्या थराचे वय अंदाजाने सांगू शकतात. त्याच थरात एखादे सातवाहन नाणे निघाले किंवा जळलेल्या धान्याची कार्बन पद्धतीने परीक्षा झाली, म्हणजे तो अंदाज पक्का होतो. खालचा थर जुना, वरचा नवा, हा साधा नियम. पण कोणी मध्येच खड्डा खणून माती वरखाली केली, की हा हिशेब कायमचा बिघडतो. वस्तू कोठे, किती खोल आणि कशासोबत होती हे कळले नाही, तर हाती उरते ती नुसती वस्तू.

महाराष्ट्रातील अगदी आरंभीच्या शेतकऱ्यांचे जीवन ज्या गावामुळे उजेडात आले, ते इनामगाव पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तेथे 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकळिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झै. दा. अन्सारी या विद्वानांची नावे या कामाशी जोडलेली आहेत. इ. स. पूर्व 1600 ते 700 असे सुमारे नऊशे वर्षे हे गाव नांदत होते. तेथे शंभराहून अधिक घरांचे अवशेष मिळाले. कुडाच्या, मातीने लिंपलेल्या भिंती, आत चूल, धान्य ठेवण्यासाठी जमिनीत खणलेली पेवे आणि कणगी ठेवण्यासाठी मातीचे गोल ओटे. आपल्याकडील जुन्या वाड्यांतील म्हाताऱ्या माणसांना यांतले काहीही नवे वाटणार नाही. लोक जव, गहू आणि कडधान्ये पिकवीत. नदीचे पाणी वळवून घेण्यासाठी त्यांनी पाटही खणला होता. गावातील एक पाच खोल्यांचे मोठे घर गावप्रमुखाचे असावे आणि त्याच्या शेजारची इमारत धान्याचे कोठार असावी, असे संशोधक मानतात. सर्वांकडून धान्य गोळा करून ते एका जागी राखण्याची व्यवस्था त्या काळीही होती, असा याचा अर्थ होतो.

घरातील मूल दगावले, तर त्याला दोन मडक्यांत, मडक्यांची तोंडे एकमेकांना लावून, घराच्या जमिनीखालीच पुरीत. मोठ्या माणसाला उत्तरेकडे डोके करून पुरताना त्याची पावले घोट्यापासून तोडलेली असत. मृताने परत चालत येऊ नये किंवा दूर जाऊ नये, अशी काही भावना त्यामागे असावी. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या आईने आपले मूल गावाबाहेर नेऊ दिले नाही, एवढे मात्र मातीवरून स्पष्ट कळते.

इ. स. पूर्व 1000 च्या सुमारास इनामगावचे चित्र पालटते. मोठी चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या येतात, शेती आकसते आणि शिकारीच्या जनावरांची हाडे वाढतात. पाऊसमान घटल्यामुळे ही अवकळा आली, असे ढवळीकरांचे मत होते. 1972 चा दुष्काळ ज्यांनी खडी फोडून काढला, त्या मराठवाड्यातील माणसाला हा भाग समजावून सांगण्याची गरज नाही. इ. स. पूर्व 700 च्या सुमारास ते गाव ओस पडले.

आता आपल्या जवळच्या एका स्थळाकडे वळू. लातूरच्या पश्चिमेस, धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर हे गाव आहे. संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून वारकऱ्यांना ते परिचित आहेच. पण त्याच्याही हजार-बाराशे वर्षे आधी या गावाचे नाव समुद्रापार पोहोचले होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनाम ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची जी माहिती लिहून ठेवली, तीत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नावाचे फार मोठे नगर असल्याचा उल्लेख आहे. तेथून जाडेभरडे कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून, बिकट वाटांनी भडोचच्या बंदरात नेत. हे तगर कोणते, यावर बराच वाद झाला. कोणी दौलताबाद म्हणे, कोणी जुन्नर. अखेर 1901 मध्ये फ्लीट या विद्वानाने ते तेरच असल्याचे दाखवून दिले. आपल्या काळ्या मातीतला कापूस त्या काळी रोमन बाजारात पोहोचत होता, तो या मार्गाने.

तेरच्या पांढरीत बा. ना. चापेकर यांच्या देखरेखीखाली उत्खनन झाले. त्यानंतरही तेथे खोदकामे झाली. सातवाहनांची नाणी, शंखाच्या बांगड्या, अकीक-कार्नेलियनचे मणी, हस्तिदंताच्या वस्तू, साच्यातून काढलेल्या पांढऱ्या मातीच्या सुबक मूर्ती, रोमन नाण्यांच्या धर्तीवर केलेली मातीची पदके असा ऐवज तेरच्या भूमीने दिला. या काळातील घरांवर कौले होती. ती वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांना खिळ्यांसाठी भोके पाडलेली असत. सांडपाण्यासाठी भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचून शोषखड्डे केलेले आढळतात. कित्येक गावांना आजही ही सोय नाही, हे नमूद करणे भाग आहे. पूर्वीच्या पाट्या-वरवंट्याच्या जोडीला गोल फिरवायचे जाते याच काळात दिसू लागते.

तेरचा हा वारसा टिकला, तो मुख्यतः एका ग्रामस्थाच्या चिकाटीमुळे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी सरकारी मदतीची वाट न पाहता गावच्या टेकाडांवर मिळणाऱ्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि त्या हजारो वस्तू पुढे शासनाच्या स्वाधीन केल्या. त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय तेरमध्ये आहे. तेथील हस्तिदंती स्त्रीप्रतिमा तर जगात गाजली. इटलीतील पाँपेई हे शहर इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे 1938 मध्ये जी भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली, तिच्याशी तेरच्या प्रतिमेचे साम्य लक्षात यावे इतके आहे. लामतुरे यांनी ती उचलून जपली नसती, तर तिचे काय झाले असते हे सांगायला नको.

मंदिराचा जीर्णोद्धार हाती घेतलेल्या गावाने तेरचे त्रिविक्रम मंदिर एकदा अवश्य पाहावे. मागील बाजूस हत्तीच्या पाठीसारखा गोल आकार असलेली ती विटांची वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह असावी, असे विद्वान मानतात. पुढे तेथे त्रिविक्रमाची स्थापना झाली, पुढच्या बाजूस मंडप आला, देव आणि भक्त बदलले. पण जुनी वास्तू कोणी पाडली नाही. म्हणून ती आज उभी आहे. नांदेड जिल्ह्यात देगलूर तालुक्यात होट्टल येथील चालुक्यकालीन मंदिरेही पाहण्यासारखी आहेत. जुने दगड उतरवताना प्रत्येकावर क्रमांक घालून ते पुन्हा त्याच जागी बसवणे, ही दुरुस्तीची मान्य रीत आहे. उलट, कोरीव दगडाला ऑइलपेंट फासणे, शिलालेख सिमेंटमध्ये गाडणे, झिजलेली मूर्ती नदीत सोडून देणे असले प्रकार मोठ्या श्रद्धेने आणि वर्गणी काढून होत असतात. दगडाचा श्वास कोंडतो आणि अक्षरे कायमची जातात.

पाया खोदताना काही लागले, तर काम तेवढ्यापुरते थांबवून जागेची छायाचित्रे घ्यावीत आणि तहसील कचेरीला कळवावे. 1878 च्या निखात निधीच्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या मूर्तींची नोंद करण्याविषयी 1972 चा स्वतंत्र कायदा आहे. कळवले की देव सरकार घेऊन जाईल, या भीतीने पुष्कळ गोष्टी झाकून ठेवल्या जातात. त्यातून लाभ होतो तो मूर्तिचोरांचा. कारण जिची नोंद नाही आणि छायाचित्रही नाही, ती मूर्ती आपल्या गावची होती हे सिद्ध करता येत नाही.

या स्मरणिकेच्या अखेरीस देणगीदारांची यादी असेल. ती प्रथाही आजची नाही. जालना जिल्ह्यातील भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तेथे 1973 मध्ये नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून उत्खनन केले. या गावच्या माणसांची नावे मध्य भारतातील सांची आणि भारहूत येथील स्तूपांच्या दगडांवर दाते म्हणून कोरलेली आहेत. पितळखोऱ्याच्या लेण्यातील एका खांबावर पैठणच्या मित्रदेव नावाच्या गंध्याच्या, म्हणजे अत्तर विकणाऱ्याच्या, कुळाचे दान नोंदलेले आहे. नाव, गाव, धंदा आणि ‘दान’ हा शब्द, एवढाच तो मजकूर. रक्कम कोरलेली नाही.