कारखान्यातील बहिरेपणा आणि कानातील बोळा

मोठ्या आवाजाने कान निकामी होतात, हे ज्ञान अर्वाचीन नाही. आणि कानात काही घालून आवाज रोखावा, ही युक्ती तर त्याहूनही जुनी आहे. होमरच्या ओडिसीमध्ये सायरेनांचे गायन ऐकू येऊ नये म्हणून ओडिसियस आपल्या नावाड्यांचे कान मेणाने बुजवितो. असे असूनही कारखान्यातील कामगाराच्या श्रवणास कायद्याचा आधार मिळू लागण्यास विसावे शतक अर्धे सरावे लागले. या विलंबाचे कारण साधनांच्या अभावात नव्हे, तर बहिरेपणाकडे पाहण्याच्या दृष्टीत शोधले पाहिजे.

इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामात्सिनी याचा कारागिरांच्या रोगांवरील ग्रंथ प्रथम १७०० मध्ये प्रसिद्ध झाला व १७१३ मध्ये वाढविला गेला. व्हेनिसचे तांबट एकाच वस्तीत एकवटलेले असून दिवसभर तांबे ठोकीत असतात, असे त्यात वर्णन आहे. पुण्याच्या तांबट आळीची आठवण व्हावी असेच ते आहे. हे कारागीर हळूहळू जडश्रवण व वार्धक्यात पूर्ण बहिरे होतात, असे रामात्सिनीने नोंदविले. १८३१ मध्ये जॉन फॉसब्रोक याने लोहारांविषयी असेच लिहिले.

या निरीक्षणांना संख्येचे बळ दिले ते ग्लासगोच्या टॉमस बार याने. १८८६ मध्ये त्याने १०० बॉयलर-कारागिरांचे कान तपासले व त्यांची तुलना ओतारी आणि टपालवाटप करणारे यांच्याशी केली. घड्याळाची टिकटिक किती अंतरावरून ऐकू येते, हे त्याचे माप होते. त्या शंभर बॉयलर-कारागिरांपैकी एकाचेही श्रवण निर्दोष आढळले नाही. १८९० मध्ये हाबेरमान याने अशाच एका मृत कारागिराच्या आंतरकर्णातील विकृती दाखवून दिली.

तरीही उपेक्षा संपली नाही. ही हानी वेदनारहित असते. ती प्रथम सेकंदास सुमारे ४००० आवर्तनांच्या उच्च स्वरांत सुरू होते. बोलणे पुष्कळ काळ समजत राहते, म्हणून कामगारालाही तिचा पत्ता लागत नाही. शिवाय बहिरा कारागीर हातोडा पूर्वीइतकाच चालवीत असल्याने त्याची मजुरी बुडत नसे. आणि मजुरी न बुडाल्यास भरपाई कशाची, असा प्रश्न असे.

साधन मात्र तयार होत होते. १९०७ मध्ये बर्लिनचा औषधनिर्माता मॅक्स नेगवेर याने, ओडिसीतील त्याच कथेवरून स्फूर्ती घेऊन, मेण व कापूस यांचे बोळे बनविले. पहिल्या महायुद्धात सैनिकांनी ते वापरले. निर्णायक पालट घडला तो न्यायालयात. १९४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका लोहघडाई-कामगाराच्या दाव्यात, मजुरी बुडाली नसली तरी श्रवणहानीबद्दल भरपाई देय आहे, असा निर्णय झाला. श्रवण ही स्वतःच एक मूल्यवान वस्तू आहे, हे तत्त्व त्याने मान्य केले. भारतातही १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत, कळविण्यायोग्य व्यवसायजन्य रोगांमध्ये, गोंगाटजन्य श्रवणहानीचा पुढे समावेश झाला. दाबल्यावर आकसून कानात पुन्हा फुगणारा फेसाळ बोळा १९७२ च्या सुमारास बाजारात आला.

परंतु बोळा नीट न बसल्यास त्याचा उपयोग थोडाच होतो, आणि त्याचा भार कामगारावरच पडतो. बॉयलर व जहाजांच्या कामातील रिव्हेटांचा कल्लोळ ओसरला तो मुख्यतः वेल्डिंग आल्यामुळे. आवाज उगमापाशी कमी करणे हाच पहिला उपाय होय. बोळ्याचे स्थान त्यानंतरचे आहे.